पंचाची जागा

'पंचांमुखी परमेश्वर' ही म्हण ज्याने काढली, तो गृहस्थ कबड्डीच्या मैदानावर शिट्टी घेऊन कधी उभा राहिला नसावा. तिथे पंचाच्या तोंडी परमेश्वर येतो की नाही, हे परमेश्वरालाच ठाऊक. हरणाऱ्या संघाच्या तोंडी मात्र पंचाच्या सात पिढ्या हमखास येतात. दोन्ही संघांकडून बोलणी खाल्ली, तर आपला निर्णय बहुधा बरोबर होता, अशी स्वतःची समजूत घालत पंच घरी जातो. घरी बायको विचारते, "आज कोण जिंकलं?" आणि त्याला क्षणभर आठवतच नाही. कारण जिंकणे-हरणे पाहायला तो गेलेलाच नसतो. तो रेषा पाहायला गेलेला असतो.

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातले वाटूर हे आमचे गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर फाटा लागतो. तिथून परतूरचा रस्ता फुटतो, म्हणून गावापेक्षा फाट्याचे नावच लोकांना जास्त ठाऊक. या भागातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवले आणि पंचवीसहून अधिक वर्षे कबड्डीच्या सामन्यांत कधी पंच, कधी सरपंच म्हणून काम केले. गणेशोत्सवातले सामने, शिवजयंतीचे सामने, शालेय स्पर्धा, असा सगळा प्रवास. मानधन म्हणाल तर नारळ, शाल आणि परतीच्या बसचे भाडे. हल्ली तरुण मुले मला विचारतात, "सर, खेळायला येतो. पण पंच नका करू." हे वाक्य मला बोचते. खेळाडू पुष्कळ आणि पंच नाही, अशी वेळ गावावर आली तर खेळ फार दिवस टिकत नाही. मग उरते ती नुसती झोंबाझोंबी.

मुले पंच व्हायला का कचरतात? एकच कारण सांगतात. "शिव्या कोण खाईल?" उद्धट खेळाडूचे करायचे काय, हा पंचांपुढचा जुना प्रश्न. पण त्याचे उत्तर खेळाडूकडे बघून सापडत नाही. आधी पंचाकडे बघावे लागते. तो उभा कुठे होता, बघत कुठे होता आणि त्याचा हात कधी वर गेला, इथून सुरुवात करावी लागते.

तीस सेकंदांचे काम

बाहेरून पाहणाऱ्याला पंचाचे काम सोपे वाटते. शिट्टी फुंकायची आणि बोट वर करायचे! प्रत्यक्षात पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही कडांना एकेक मीटरची राखीव पट्टी, म्हणजे लॉबी. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. एक चढाई ३० सेकंदांची. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव धरले तर साधारण ऐंशी चढाया होतात. बऱ्याच चढाया वेळेआधी संपतात, म्हणून प्रत्यक्षात जास्तच.

या प्रत्येक चढाईत किती गोष्टी पाहायच्या? चढाई करणाऱ्याचा दम नीट सुरू आहे का, तो मध्येच तुटला का. पाय निदान रेषेच्या पुढे गेला का. बोनस रेषा ओलांडली तेव्हा मागचा पाय हवेत होता का. बचाव करणाऱ्यांत सहा किंवा जास्त गडी होते का, नाहीतर बोनस मिळायचाच नाही. हात कोणाला लागला. लागला तो अंगाला की नुसत्या हवेला. झटापट सुरू होण्याआधी कोणी लॉबीत पाय टाकला का. आणि शेवटी त्या ढिगाऱ्याखालून चढाईपटूचे बोट मध्यरेषेला टेकले ते शिट्टीच्या आधी की नंतर.

एका माणसाच्या दोन डोळ्यांचे हे काम नव्हे. म्हणून नियमानेच माणसे सहा नेमली आहेत. एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक, ज्यांना आमच्याकडे रेषापंच म्हणतात. दोन पंच समोरासमोर, दोन बाजूंना. एकाला पलीकडची कड १० मीटर दूर पडते, म्हणून ती दुसऱ्याची. सामन्याआधी पाच मिनिटे बाजूला बसून आम्ही हे वाटून घेतो. चढाईपटू तुझ्या बाजूला आला की हात तू बघ, मी पाय बघतो. तो माझ्याकडे वळला की उलट. दोघांनीही एकाच हाताकडे पाहिले, तर पायाकडे कोणीच पाहिलेले नसते आणि नेमका तिथेच वाद उभा राहतो.

ही वाटणी काही आमच्या खेळाने शोधलेली नाही. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांनी बास्केटबॉलचा खेळ काढला. त्याचे नियम होते अवघे तेरा. त्या तेरांत त्यांनी दोन वेगवेगळे अधिकारी नेमून ठेवले. एकाने माणसांकडे बघायचे, म्हणजे कोण कोणाला ढकलतो, धरतो ते. दुसऱ्याने चेंडूकडे बघायचे. खेळ नवा होता, टोपली पीच फळांची होती, पण मास्तरांना एवढे कळले होते की चेंडूमागे धावणारा डोळा माणसाचे कोपर पाहू शकत नाही.

आजही बास्केटबॉलचे पंच याच पायावर उभे असतात. चेंडू जिकडे जातो तिकडे एक पंच पुढे धावतो आणि टोपलीखालच्या अंतिम रेषेशी थांबतो, दुसरा मागे राहून बाहेरचा भाग सांभाळतो. चेंडू उलटा फिरला की पुढचा मागचा होतो आणि मागचा पुढचा. शालेय स्पर्धांत मी हे काम जवळून पाहिले आहे. फाऊल झाला की आधी मूठ वर जाते, घड्याळ थांबते. मग पंच गुणलेखकाच्या टेबलाकडे जातो आणि तीन गोष्टी हातानेच सांगतो: खेळाडूचा क्रमांक, गुन्हा आणि शिक्षा. तोंडाने भाषण नाही. कोणत्याही फाट्यावर उभा असलेला वाहतूक पोलिस जसा हात करतो तसा हा हात. लांबच्या ट्रकवाल्यालाही कळला पाहिजे आणि कळायला वेळ लागता कामा नये.

सांगायचा मुद्दा असा की पंचाचा मान आधी त्याच्या जागेत असतो. खेळाडू आरडाओरडा करतो, त्यातला निम्मा आरडाओरडा पंच दहा पावले दूर होता म्हणून असतो. पंच रेषेवर वाकून उभा असेल, शिट्टी क्षणात वाजली असेल आणि हात ठाम वर गेला असेल, तर चिडलेला गडीही दोन शब्द कमी बोलतो. निर्णय तोच, पण शिट्टी दोन सेकंद उशिरा आली आणि पंचाने आधी प्रेक्षकांकडे पाहिले, तर देवमाणसालाही संशय येतो.

तीन प्रकारची चीड

खेळाडू पंचावर चिडतो ते तीन तऱ्हांनी. पहिली चीड स्वतःवरची असते. पकड हुकलेली असते, बोनसला पाय पोचलेला नसतो आणि ते दुःख "अरे काय राव!" असे तोंडातून निघते. ही चीड ऐकायचीच नाही. तिच्याकडे वळूनही पाहू नये. तीस सेकंदांत ती मातीत जिरते.

दुसरी चीड प्रश्नाची. "सर, कामून आऊट दिलं? पाय तर लागलाच नाही." याला उत्तर द्यावे, पण एका वाक्यात. "मागचा पाय खाली होता." बस. प्रश्नाला उत्तर मिळाले की माणूस शांत होतो. मिळाले नाही की प्रश्नाचे आरोपात रूपांतर होते. मात्र उत्तर दुसऱ्यांदा देऊ नये. दुसऱ्यांदा दिले की ती चर्चा होते, आणि चर्चेला तीस सेकंद पुरत नाहीत. बोलायचे ते कर्णधाराशी, हा शिरस्ता पहिल्याच सामन्याआधी दोन्ही संघांना सांगून टाकावा. बास्केटबॉलच्या नियमांत तर तो लिहिलेलाच आहे. चेंडू मेलेला असताना आणि घड्याळ थांबलेले असताना कर्णधाराने सभ्यपणे माहिती विचारावी. २०२४च्या युरो फुटबॉल स्पर्धेतही हीच शिस्त लावली गेली, पंचाकडे फक्त कर्णधाराने जायचे.

तिसरी चीड मात्र वेगळी. ती निर्णयावर नसते, माणसावर असते. तिला निर्णय बदलून हवा नसतो, पंच लहान करून हवा असतो. तिच्यासाठी कबड्डीच्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे. निर्णयाबद्दल पंचांशी सारखे बोलत राहणे हा गुन्हा. पंचांविषयी अपमानकारक बोलणे हा गुन्हा. निर्णयावर परिणाम होईल असे शेरे मारणे हा गुन्हा. आणि मला सर्वांत आवडते ते कलम असे की दाद मागताना बोट दाखवणे हासुद्धा गुन्हा! ज्याने हे कलम घातले त्याला माणसाचा स्वभाव कळला होता. शिवी तोंडात असते तोवर ती गिळता येते. पण बोट एकदा वर उठले की माघार घ्यायला हात तयार होत नाही.

बोट काय करू शकते ते जगाने डिसेंबर १९८७ मध्ये फैसलाबादला पाहिले. इंग्लंडचा कर्णधार माईक गॅटिंग आणि पाकिस्तानचे पंच शकूर राणा एकमेकांवर बोट रोखून उभे आहेत, ते छायाचित्र अजून लोकांना आठवते. त्यापायी कसोटीचा एक अख्खा दिवस वाया गेला आणि गॅटिंगने हाताने लिहून दिलगिरी दिल्यावर खेळ सुरू झाला. त्या छायाचित्रात कोण बरोबर होते हे कळत नाही. दोन बोटे तेवढी दिसतात. म्हणून मी नव्या पंचांना सांगतो, खेळाडूचे बोट वर आले की आपले दोन्ही हात पाठीमागे. दोघांचीही बोटे वर गेली की प्रेक्षकांना पंच आणि गडी यांत फरक उरत नाही.

वाटूरच्या मैदानावरची दोन मिनिटे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणेशोत्सवातले सामने होते. मैदान काळ्या मातीवर, फक्कीने आखलेले. मातीवरच्या मैदानाचे एक दुखणे असते. पाच-सहा चढायांत पायांनी रेषा पुसटते. मॅटवरची रेषा जागच्या जागी राहते, मातीवरची रेषा पंचाच्या डोळ्यात राहते. त्या दिवशी मी सरपंच होतो आणि एका बाजूला पंच म्हणून गावाच्या कडेच्या वस्तीतला एक मुलगा उभा होता. कॉलेजात शिकणारा, अंगाने किरकोळ, पण नियमांत पक्का. आईवडील दोघेही मजुरीला जाणारे.

समोर चढाईला होता तो पंचक्रोशीतला नामी गडी. घरी भरपूर शेती, दारात ट्रॅक्टर, मागे वीस पोरांचा घोळका. त्याने बोनससाठी पाय टाकला, परत वळला. मुलाने शिट्टी दिली नाही, अंगठा वर केला नाही. म्हणजे बोनस नाही. मागचा पाय जमिनीवर होता. गडी दोन पावले त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "तू कोन रे मला शिकवणारा? तुझा बाप आमच्या शेतात..." पुढचे वाक्य मी इथे लिहीत नाही.

मैदान गप्प झाले. या गप्पपणात पंचाची खरी परीक्षा असते. ते वाक्य बोनसविषयी नव्हते. बोनस मिळाला असता तरी ते वाक्य त्याच्या मनात होतेच. शाळेत एका बाकावर बसलेली, एका नळावर पाणी प्यायलेली ही दोन मुले, आणि गावाने त्यांच्यात जे अंतर ठेवले आहे ते त्या एका वाक्यात मैदानावर येऊन उभे राहिले होते.

मी शिट्टी देऊन वेळ थांबवली. धावलो नाही, चालत गेलो. घाईने गेलेला पंच भांडायला आल्यासारखा दिसतो. दोघांच्या मध्ये उभा राहिलो, तोंड गड्याकडे न करता थोडे तिरके, त्याच्या खांद्याशेजारी. समोरासमोर उभे राहिले की मल्ल होतात, शेजारी उभे राहिले की बोलणे होते. आवाज त्याला एकट्याला ऐकू जाईल इतका. "बोनसचं कर्णधार विचारेल. तू आत्ता जे बोललास त्याला पिवळं कार्ड आहे. दोन मिनिटं बाहेर बस आणि परत ये. आम्हाला तू खेळायला हवा आहेस." मग कार्ड वर धरले, गुणलेखकाला दिसेपर्यंत.

कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर आणि लाल म्हणजे त्या सामन्यातून बाहेर. पिवळ्यानंतर बदली गडी मिळत नाही, संघाला एका माणसाने कमी खेळावे लागते. हिरवे का दिले नाही, असे त्याच्या प्रशिक्षकाने विचारले. मी म्हणालो, "ताकीद चुकीला असते. हे चुकून निघालेलं नव्हतं." त्यावर तोही काही बोलला नाही.

घोळका ओरडला, एकाने मातीचे ढेकूळही फेकले. मी प्रेक्षकांकडे पाहिले नाही, त्या मुलाकडे पाहिले. त्याचे डोळे भरले होते, पण पाय रेषेवरून हलले नव्हते. मी एवढेच म्हणालो, "पुढची चढाई तुझ्या बाजूची. पाय तू बघ." त्याला धीर देणारे भाषण तेव्हा केले असते तर तो रडला असता. काम दिले, तर तो वाकून उभा राहिला.

दोन मिनिटांनी गडी आत आला. त्या दोन मिनिटांत त्याच्या संघावर लोण चढला होता. पुढे सामना त्यांनी गमावला की नाही हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की उरलेल्या वेळात तीनदा त्या मुलाने त्याला बाद दिले आणि तिन्ही वेळा तो मान खाली घालून बाहेर जाऊन बसला. सामन्यानंतर त्याने माफी मागितली नाही. सिनेमात मागतात. पण दुसऱ्या दिवशी लहान गटाच्या सामन्यांना रेषापंच कमी पडला, तेव्हा मी मुद्दाम त्यालाच बोलावले. तो अर्धा तास कोपऱ्यात उभा राहिला. दहा-बारा वर्षांची पोरे त्याच्यावर ओरडत होती, "दादा, दिसंना का तुमाला? रेष तर तिकडं हाय!" त्याने मैदानाच्या पलीकडे त्या वस्तीतल्या मुलाकडे पाहिले. दोघेही हसले नाहीत. पण त्या दिवसापासून त्याने त्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली. गावात एवढे पुष्कळ असते.

मोठ्यांचेही पाय मातीचे

उद्धटपणा फक्त खेड्यातल्या मैदानावर असतो असे कोणी समजू नये. आपल्या सगळ्यांचे लाडके सुनील गावस्कर फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला ७० धावांवर असताना पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असे गावस्करांचे म्हणणे. त्यात लिलीने डिवचले. गावस्कर नुसते निघाले नाहीत, जोडीदार चेतन चौहानलाही सोबत घेऊन निघाले. सीमेजवळ संघाचे व्यवस्थापक शाहिद दुर्राणी पुढे आले आणि त्यांनी चौहानला परत पाठवले. चौहान परतला, खेळला आणि पुढे कपिलदेवच्या पाच बळींमुळे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत संपून भारताने ती कसोटी जिंकली. त्या वागण्याचा आपल्याला पश्चात्ताप झाल्याचे गावस्करांनी पुढे स्वतः सांगितले आहे. मला या प्रसंगात गावस्करांइतकेच दुर्राणी महत्त्वाचे वाटतात. चिडलेल्या माणसाला परत यायला एक दार लागते आणि दाराशी कोणीतरी शहाणा माणूस उभा लागतो. पिवळ्या कार्डाचे काम तेच आहे. ते दार बंद करत नाही, दोन मिनिटे लोटून घेते.

कार्डांचा जन्मही गमतीचा आहे. १९६६च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात अर्जेंटिनाच्या कर्णधाराला बाहेर काढले, पण पंच आणि खेळाडू यांची भाषा वेगळी, कोणाला काय सांगितले हेच कळेना. पंचांचे प्रमुख केन अ‍ॅस्टन लंडनच्या रस्त्यावर सिग्नलला थांबले असताना त्यांना सुचले, पिवळा आणि लाल. १९७०च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डे आली. म्हणजे शिक्षा वाढवण्यासाठी कार्ड आले नाही. शिक्षा सगळ्यांना एकाच वेळी, न बोलता कळावी म्हणून आले.

आणि निर्णय स्पष्ट नसला की काय होते, ते आपण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पाहिले. पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत आणि इराण, गुण २८-२८. अखेरच्या मिनिटांत कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श न होताच लॉबीत गेला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू, दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याच्यामागे गेलेलेही. निर्णय एकदा दिला, बदलला, पुन्हा बदलला. आधी एक संघ मॅटवर बसला, मग दुसरा. सुमारे तासभर खेळ थांबला. शेवटी भारताला चार गुण मिळाले आणि ३३-२९ असा विजय. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते, आपल्याला आनंद झाला, व्हायलाच हवा. पण एक पंच म्हणून मी त्या तासाकडे पाहतो तेव्हा वाटते, खेळाडू उद्धट नव्हते. त्यांच्या पायाखालची रेषा पुसटली होती, मॅटवरची नव्हे, नियमातली. निर्णय बदलत जातो तसतसा पंचाचा मान उतरत जातो, मग तो पंच कितीही प्रामाणिक असो.

रेषेबाहेरची माणसे

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे रेषेबाहेर बसणाऱ्यांविषयी. मैदानावरचे पोर पंचाला जे बोलते, ते बहुधा त्याने कडेला बसलेल्या बापाकडून ऐकलेले असते. मुलगा बाद झाला की काही वडील मुलाच्या आधी उठतात. हल्ली त्यात मोबाईलची भर पडली आहे. कोणीतरी चढाई टिपलेली असते आणि ती पंचाच्या नाकासमोर धरली जाते. "हे बघा, सर!" प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून लोकांनी दूरचित्रवाणीवर निर्णय तपासताना पाहिले आहेत. पण तिथे कॅमेरे ठरलेल्या जागी असतात आणि दाद मागायची रीत ठरलेली असते. गावच्या सामन्यात एकाचा मोबाईल पाहिला की दुसऱ्याचाही पाहावा लागतो, आणि मग निर्णय ज्याचा मोबाईल महाग त्याचा होतो. म्हणून मी मोबाईलकडे पाहत नाही.

पंच चुकत नाही का? चुकतो. पंचही माणूसच. पण एका चुकीच्या निर्णयाने सामना जातो, आणि पंच उरला नाही तर खेळच जातो. मुलाला हे घरी सांगायला हवे. आपल्याविरुद्ध गेलेला निर्णय मान्य करून पुढच्या चढाईला उभे राहणे, ही गोष्ट पुस्तकात शिकवता येत नाही. पुढे नोकरीत, संसारात, कोर्टकचेरीत, निवडणुकीत ती लागते. जो दहाव्या वर्षी ती शिकला नाही, त्याला चाळिसाव्या वर्षी शिकवायला फार खर्च येतो.

१५ जुलै हा कबड्डीमहर्षी शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मी शाळेत एक सामना असा लावत असे की खेळणारे सातवी-आठवीचे आणि पंचही त्यांच्यातलेच. दर पाच मिनिटांनी पंच बदलायचा. जो आत्ता ओरडला, पुढची शिट्टी त्याच्या हातात. अट एकच. शिट्टी हातात असेपर्यंत बोलायचे नाही, फक्त हात करायचा. पहिल्यांदा मुले हसतात. मग एखाद्या पोराच्या लक्षात येते की समोरचा पाय दिसायचा असेल तर आपल्याला दोन पावले सरकून, गुडघे वाकवून उभे राहावे लागते. ते पोर सरकते आणि वाकते. रेष दिसली की त्याचा हात आपोआप वर जातो, आणि आश्चर्य म्हणजे कोणी ओरडत नाही.

मग मी वहीत त्या पोराच्या नावापुढे एक खूण करून ठेवत असे. पुढच्या वर्षी तालुक्याला पंच लागणारच असायचे.